टॉवेलची गरम दांडी

दोंडाईचा, २९ जून २०२५

छाया,

आशीर्वाद दिले असं समज आणि पुढचं वाच. फोन केला असता, पण तुझा फोन सदा स्पीकरवर असतो आणि शेजारी सासूबाई कान लावून बसलेल्या. मला जे म्हणायचंय ते जावेनं जावेला म्हणायचंय.

भावकीतला भिकन परवा तुमच्याकडून आला. चहा पिताना म्हणाला, "छायावहिनी बाथरूममध्ये गरम दांडी बसवताहेत." मी म्हटलं, गीझर म्हणायचंय का तुला? तर म्हणे नाही, दांडी. विजेवर चालते, टॉवेल वाळवते आणि गरम करते. माझ्या हातातली चाळणी तशीच राहिली. हे म्हणाले, "असेल बुवा, सुरत आहे." तुझे जेठ. त्यांना कशाचंच नवल वाटत नाही म्हणून तर ते अजून मार्केट यार्डात मिरच्यांची पोती मोजताहेत.

मला एवढंच सांग, सुरतेत थंडी कधीपासून पडायला लागली? मागच्या जानेवारीत मी तुझ्या डिंडोलीच्या घरी आठवडाभर होते. पंखा चालू ठेवून झोपलो होतो आपण. तिथे अंग पुसायला गरम टॉवेल कोणाला लागतो? कुठल्या शेटाच्या बंगल्यात पाहिलीस ती दांडी? हेमराजभाऊजी पलसाण्याच्या मिलमध्ये आठ तास घामानं भिजतात, ते घरी येऊन गरम टॉवेलात गुंडाळून घेणार, हे मला डोळ्यांसमोर आणता येत नाही.

आणि दुसरं. सासूबाई आखाजीला इकडे येणार होत्या. आखाजी गेली. वटपौर्णिमा गेली. गल्लीतल्या बायका विचारतात, "सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे ठरलं होतं ना?" मी काय सांगू? की धाकट्या सुनेनं त्यांच्यासाठी टॉवेल गरम करायला ठेवलाय?

उषा


डिंडोली, सुरत, ७ जुलै २०२५

उषाताईंना नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. चाळणी हातातून पडली नाही हे वाचून बरं वाटलं.

तुम्ही जानेवारीत आला होतात, जुलैत नाही. जुलैत इथे काही वाळत नाही. रो-हाऊसला गच्ची एकच, ती वरच्या भाडेकऱ्यानं अडवलेली. आत दोरी बांधली की कपडे तीन दिवस ओले राहतात आणि चौथ्या दिवशी वास मारतात. हे मिलमध्ये स्टेंटरवर असतात, म्हणजे ज्या यंत्रात कापड ताणून सुकवतात तिथे. परवा म्हणाले, "दिवसाला हजारो मीटर कापड सुकवून देतो, आणि माझ्या आईची दोन लुगडी सुकत नाहीत." त्यावरून दांडीचा विषय निघाला. कुठल्या शेटाचा बंगला नाही.

आई हल्ली दिवसातून दोनदा आंघोळ करतात. लुगडं प्रत्येक वेळी बदलतात. म्हणून दांडी.

आता तिच्या मापाचं. दुकानदार मोठीच गळ्यात मारत होता. मी घरी येऊन जुना पेपर कापला, दांडीच्या मापाचा, आणि भिंतीला चिकटवून दोन दिवस तसाच ठेवला. दार उघडून पाहिलं, बादली ठेवून पाहिली, वाकून पाहिलं. आमचं बाथरूम तुम्हाला माहीत आहे, दार आत उघडतं, त्यात एक माणूस आणि एक बादली. बेसिन आणि कोपरा यांच्यामध्ये दोन फूट रुंदीची पाच आडव्या नळ्यांची दांडी बरोबर बसते. एक लुगडं घडी घालून, एक परकर, एक टॉवेल. तेवढंच लागतं. वायरमननं बटण बाहेर काढून दिलंय. आईंना सांगितलंय की हिला धरायचं नाही, ही कपड्यांची आहे.

आई तिकडे का येत नाहीत ते त्यांना विचारा. मी त्यांना खुंटीला बांधलेलं नाही.

छाया


दोंडाईचा, १५ जुलै २०२५

छाया,

दिवसातून दोनदा आंघोळ? माझ्याकडे होत्या तेव्हा पाणी काढून दिलं तरी "उद्या करते, आज अंगात कणकण आहे" म्हणायच्या. सुरतेच्या पाण्यात काही घालतात वाटतं.

तुझं मापाचं पुराण वाचलं. पेपर कापला, चिकटवला, दोन दिवस बघत बसलीस. आणि एवढं करून निघाली काय, तर दोन फुटांची दांडी. हसू आलं मला. अगं, हौस करायची तर धड करावी. दोन फुटांवर वाळवणार काय, बाळाची झबली? पण तुमच्याकडे सगळं असंच. भाऊजींच्या लग्नात मांडव घातला तोही अर्धा, निम्मे पाहुणे उन्हात जेवले. घर घेतलं तर गच्ची दुसऱ्याची. आता दांडी घेतली तर पाच नळ्यांची. लोकांनी पाहिलं तर विचारतील, उरलेली पुढच्या वर्षी आणणार का?

हे भाऊजींना वाचून दाखव. मी लपून बोलत नाही.

कानबाई पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. त्या दिवशी घरातली मोठी बाई घरात पाहिजे. रोटाचं पीठ कोणाच्या हातानं मळायचं? माझ्या? मी अजून सासू झाले नाही, माझ्या वर सासू आहे. त्यांना भिकनबरोबर पाठवून दे. टॉवेल गार मिळेल, सांग त्यांना.

उषा


डिंडोली, सुरत, २४ जुलै २०२५

ताई,

तुमच्या म्हणण्याप्रमाणे यांना वाचून दाखवलं. मी दाखवायला नको होतं.

अर्ध्या मांडवापर्यंत ऐकलं आणि ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी पाळी बुडवून उधन्याला गेले, छोटी दांडी दुकानात परत केली आणि मोठी घेऊन आले. उंची माझ्या छातीपर्यंत, बारा नळ्या. बेसिनकडे ती बसत नाही, म्हणून दाराच्या मागच्या भिंतीवर लावली. ती भिंत अर्ध्या विटेची आहे. वायरमन म्हणाला, "साहेब, एवढं वजन ही भिंत धरणार नाही." हे म्हणाले, "तू खिळे लांब मार." दार आता निम्मंच उघडतं, पुढे दांडीला अडतं. आत जायचं तर अंग तिरकं करावं लागतं. आमची चंचल कॉलेजला जाताना म्हणाली, "पप्पा, आ शू छे?" बापानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लावून झाल्यावर मला म्हणाले, "आता लिही वहिनींना. बारा नळ्या आहेत म्हणावं."

म्हणून लिहितेय. बारा आहेत. तुम्ही दोंडाईच्यात बसून एक वाक्य लिहिलंत आणि सुरतेत माझं दार अडलं. तुमच्या जिभेला एवढा पल्ला आहे हे मला ठाऊक होतं, यांना ठाऊक नव्हतं. मोठा माणूस, पोरीचा बाप, वहिनीला दाखवायला भिंत फोडतो. मला तुम्हा दोघांमध्ये निवड करता येत नाही.

आई कानबाईला येणार नाहीत. मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या आणि पडून राहिल्या.

छाया


दोंडाईचा, ५ ऑगस्ट २०२५

छाया,

कानबाई झाली. रोट मी मळले. शेजारची वत्सला मांडीला मांडी लावून बसली होती, सगळ्यांच्या देखत म्हणाली, "उषाबाई, सासू जिवंत असून तुझ्या हातचे रोट?" मी सांगितलं त्यांचे पाय सुजलेत. सणाच्या दिवशी खोटं बोलायला लावलंस मला.

मी काही दुधखुळी नाही. म्हातारं माणूस जिथे लाड होतात तिथे रमतं. माझ्याकडे त्यांना भाकरी मिळते, वेळेवर मिळते, पण गोड बोलणं मिळत नाही, ते मला येत नाही. तू गोड बोलतेस आणि टॉवेल गरम करतेस. बारा नळ्यांवर. भाऊजींना सांग, शोभते. आता दारात तिरकं व्हायला लागतं म्हणून रडू नकोस. मोठेपणा घरात आला की माणसाला थोडं आकसावं लागतंच.

सासूबाईंना सांग, त्यांचा इकडचा गोधडीचा ढीग मी उन्हात घालते दर महिन्याला. त्या येवोत न येवोत.

उषा


डिंडोली, सुरत, २८ ऑगस्ट २०२५

ताई,

हे मोठ्या भावजींना मी फोनवर थोडक्यात सांगितलंय. तुम्हाला मुद्दाम लिहितेय, कारण हे तुम्ही बसून, सगळं वाचायला हवं.

गेल्या आठवड्यात दुपारी आई बाथरूममध्ये गेल्या. मी स्वयंपाकघरात होते. पडल्याचा आवाज आला. धावले तर दार उघडेना. त्या दारामागेच पडल्या होत्या. एका बाजूनं दांडी, दुसऱ्या बाजूनं त्यांचे पाय, माझा हात जेमतेम कोपरापर्यंत आत जाई. मी त्यांचा हात धरला होता आणि त्या म्हणत होत्या, "पोरी, कोणले बलावू नको. माले लाज वाटस." शेजारचा वाल्मिक सुतारकाम करतो, त्याला हाक मारली. त्यानं बिजागऱ्या काढून दार उचललं, तेव्हा त्यांना बाहेर घेता आलं.

पाय घसरला तेव्हा त्यांनी दांडी धरली होती. धरायची नाही असं सांगितलेलं, पण पडताना माणूस सांगितलेलं आठवत नाही. वरचे खिळे भिंतीतून विटेसकट आले. हे सकाळी बटण बंद करायला विसरले होते, तळहात पोळलाय. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. उधन्याच्या दवाखान्यात आहेत.

आता जे मी लिहिणार नव्हते ते लिहिते. होळीपासून आईंना लघवी आवरत नाही. म्हणून दोनदा आंघोळ, म्हणून लुगडी, म्हणून दांडी. म्हणून त्या आखाजीला आल्या नाहीत आणि कानबाईला आल्या नाहीत. मला देवासमोर शपथ घातली होती. "उषाले सांगू नको," म्हणाल्या. का, ते मी विचारलं नाही, कारण भावकीतल्या त्या लग्नात मीही होते. मामंजी शेवटच्या दिवसांत अंथरुणावर होते, आणि तुम्ही मांडवात बायकांमध्ये म्हणालात, "आमच्याकडे म्हातारं बाळ आहे, रोज लंगोट बदलते." बायका हसल्या. आई पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभ्या होत्या. तुम्ही मामंजींचं सगळं केलंत, मी नाकारत नाही. मी सुरतेत होते आणि तुम्ही करत होतात. पण आईंच्या लक्षात ते हसणं राहिलं.

मी जी दांडी निवडली होती ती त्यांच्यापासून लांब, कोपऱ्यात होती आणि दार पूर्ण उघडत होतं. ती तुम्हाला लहान वाटली.

आता हवं तर वत्सलाला सांगा. पाय सुजलेत म्हणून खोटं बोलायची गरज उरली नाही.

छाया


दोंडाईचा, २ सप्टेंबर २०२५

छाया,

गुरुवारच्या पॅसेंजरनं निघते. उधन्याला उतरेन. भाऊजींना स्टेशनवर पाठवू नकोस, त्यांचं तोंड बघायची माझी तयारी नाही आणि माझं बघायची त्यांची नसेल. हे पत्र भिकनच घेऊन येतोय, त्यालाच पाठव.

जुन्या मऊ सुती लुगड्यांचे तुकडे आणतेय, पुष्कळ आहेत. सासूबाईंना मी येतेय ते सांगू नको. नको म्हणतील.

उषा


दोंडाईचा, १२ ऑक्टोबर २०२५

छाया,

पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली.

तुझ्या घरी महिनाभर राहिले, पण आपण दोघी बोललो ते फक्त मिठाचं आणि औषधांचं. म्हणून हे लिहितेय.

तू दवाखान्यात होतीस त्या दिवशी मी वाल्मिकला घेऊन उधन्याच्या त्या दुकानात गेले होते. बारा नळ्यांचं धूड रिक्षात घालून नेलं. दुकानातला पोरगेला सेल्समन, केसांना तेल लावलेला, म्हणाला, "वापस नहीं होगा, माताजी. दीवार से निकला हुआ माल है." मी म्हटलं, माझ्या सासूच्या हातात निघालेला माल आहे, हवं तर तिला आणते, तिलाच सांग. मालक आतून उठून आला. छोटी दिली, वर भिंतीला लावायची एक साधी स्टीलची दांडीही दिली, वीजबीज नाही, नुसती धरायची. पोरगं विचारतं, "कितनी बड़ी चाहिए?" मला उत्तर सुचेना. मला, छाया. मी माझा हात पुढे करून म्हटलं, "एवढी."

छोटी तुझ्या जागेवर लावून घेतली. धरायची आंघोळीच्या स्टुलाशेजारी, पक्क्या भिंतीत. वाल्मिकला सांगून दारही बाहेर उघडणारं करून घेतलं, ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुझा नवरा चौकटीत उभा राहून बघत होता. म्हणाला, "वहिनी, माझं चुकलं." मी म्हटलं, बारा नळ्या मोजायला मी सांगितलं नव्हतं. एवढा मोठा स्टेंटर चालवणारा माणूस, कोणी हसलं की त्याचं माप बदलतं. मला त्याची कीव येते, आणि राग येतो, आणि तो माझ्यासमोर लहानाचा मोठा झालाय.

सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आले त्या दिवशी दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडल्या. घरी आणल्यावरही मी लुगडं बदलायला गेले की डोळे मिटून घेत. मी धुतलं, वाळवलं, घडी घातली. तोंडातून शब्द काढला नाही, एकही, कोणाजवळ. वत्सलाजवळही नाही. तुला ते पाहिजे होतं ना. निघताना पाया पडले तेव्हा त्यांनी हात वर केला, आशीर्वादाला की पदर सावरायला ते कळलं नाही.

उषा


डिंडोली, सुरत, २० नोव्हेंबर २०२५

उषा,

मी सरलाबाई लिहिते. चौथी शिकलेली आहे, हे तुम्ही सुना विसरलात. अक्षर मोठं आहे कारण डोळा बारीक झालाय.

तुझं पत्र छायानं मला वाचून दाखवलं. मीच मागितलं. ती द्यायला तयार नव्हती. मग मी आधीचीही मागितली. सगळी ऐकली. तुम्ही दोघी शहाण्या बायका, उन्हाळा सरल्यापासून दांडीवर भांडताय. एकीनं पेपर कापला, एकीनं हसून मोठी आणवली, माझ्या लेकानं भिंत फोडली. ज्या म्हातारीसाठी हे चाललं होतं ती शेजारच्या खोलीत जागी होती. तिला उठवून कोणी म्हटलं नाही की चल, उभी राहा, तुझा हात कुठवर जातो बघू.

तू धरायची जी दांडी लावलीस ती तुझ्या खांद्याला लागते. तू उंच आहेस. मी आधीच बुटकी आणि आता वाकलेली. पंधरा दिवस मी तिच्याकडे खालून बघत होते. शेवटी वाल्मिकला बोलावलं, स्टुलावर बसले आणि सांगितलं, हात लांब करते, जिथे बोटं टेकतील तिथे खूण कर. त्यानं खाली घेतली. आता धरून उठते. एकटी.

दुसरं. तू महिनाभर माझं केलंस आणि बोलली नाहीस. तुला वाटलं, सासूला तेच पाहिजे. तुझ्या सासऱ्यांचं करायचीस तेव्हा दिवसभर तोंड चालू असायचं तुझं. म्हाताऱ्याला शिव्या, डॉक्टरला शिव्या, पाण्याला शिव्या. ते मला म्हणाले होते, "उषा बडबडते म्हणून मला वाटतं मी अजून घरात आहे." त्या मांडवात तू जे बोललीस ते मला लागलं, अजून लागतं. पण तू इथे गप्प राहून धूत होतीस तेव्हा मला मेल्यासारखं वाटलं. मयताला आंघोळ घालताना बायका अशा गप्प असतात.

मी संक्रांतीनंतर येते. हेमराज पोचवायला येईल. वाटेत तोंड लपवेल, त्याला जेवू घाल. वत्सला बघायला येईलच. तिच्यासमोर तुला काही बोलायचं असलं तर बोल. मीही बोलेन. फक्त मला उठायला वेळ लागतो, तेवढं थांब.

तिकडे मोरीत दांडी लावशील तेव्हा तुझ्या नवऱ्याला, धुडकूला, किंवा त्या भिकनला विचारू नको, आणि स्वतःचा हात तर मुळीच धरू नको. पाकिटात माझ्या मापाचा लाल दोरा घातलाय. स्टुलावरून वर तेवढी.

तुझी सासू
सरलाबाई